साडेदहा किलोची वाफ

बॉयलर वर्षातून एकदाच गार सापडतो. बोईसरच्या एमआयडीसीत मामांनी पस्तीस वर्षं बॉयलर सांभाळले. आता निवृत्त झालेत, पण वार्षिक तपासणी जवळ आली की ओळखीचे कारखाने त्यांना बोलावतात, इन्स्पेक्टर यायच्या आधी एकदा नजर टाका म्हणून. त्या रविवारी मी त्यांना घरी न्यायला गेले तेव्हा ते अजून आतच होते. मॅनहोलचं झाकण काढून भिंतीला टेकवलेलं, आत चोवीस व्होल्टचा दिवा लोंबकळत होता आणि मामांच्या तळहातावर नळीवरून खरवडलेली पांढुरकी खपली होती.

"अंड्याच्या टरफलाएवढी आहे," ते म्हणाले. "पण एवढीसुद्धा पुरते. वर्षभर कोळसा जास्त खातो बॉयलर, आणि मालकाला वाटतं फायरमन झोपतात."

मी प्रोसेस इंजिनीअर. याच वसाहतीत, रंगांसाठी लागणारी मधली रसायनं बनवणाऱ्या एका कारखान्यात. गेल्या वर्षापासून आमचे युरोपातले ग्राहक मालाबरोबर एक आकडा मागतात: किलोमागे कार्बन किती? तो हिशेब माझ्याकडे आहे, आणि दर वेळी तो बॉयलर हाउसच्या दारात येऊन थांबतो. वीज सौर घेता येते, जुने पंप बदलता येतात. वाफ मात्र आग मागते. म्हणून गेले काही महिने मी एका विषयाच्या मागे लागले आहे. त्या दिवशी गार बॉयलरशेजारी उभं राहून तो मामांपुढे मांडला.

"मामा, हा बॉयलर कोळशाशिवाय चालला तर?"

"चालतो की. फर्नेस ऑइलवर चालवलाय, ब्रिकेटवर चालवलाय, भाताच्या तुसावरसुद्धा."

"आगच नको. वाफ बाहेरून घ्यायची. अणुकेंद्रातून."

मामांनी हात कॉटन वेस्टनं पुसले. "बाहेर चल. इथं आवाज घुमतो."

बाहेर पिंपळाखाली बसलो. तारापूरचं अणुवीज केंद्र आमच्या पश्चिमेला, समुद्राकाठी. सरळ रेषेत मोजलं तर वसाहतीपासून दहा किलोमीटरही नाही. तिथला पहिला संच १९६९ पासूनचा. ५४० मेगावॉटचे दोन मोठे संच २००५-०६ मध्ये सुरू झाले. वीज हे अणुभट्टीचं दुसरं उत्पादन; पहिलं उत्पादन उष्णता. ५४० मेगावॉट वीज देणारी भट्टी साधारण १७०० मेगावॉट उष्णता बनवते. उरलेली सगळी समुद्रात जाते, असं मी म्हणाले आणि मामांनी तिथंच धरलं.

"समुद्रात जातं ते कोमट पाणी. त्यावर माझं जॅकेट तापेल का? मला साडेदहा किलोची वाफ लागते."

साडेदहा किलो म्हणजे चौरस सेंटिमीटरला साडेदहा किलोचा दाब. आपल्याकडच्या असंख्य कारखान्यांतले बॉयलर याच दाबाचे असतात. त्या दाबाला वाफेचं तापमान १८५ अंशांच्या आसपास. पुढे दाब उतरवून ती साडेतीन-चार किलोला रिॲक्टरच्या जॅकेटमध्ये, म्हणजे त्याच्या भोवतीच्या कवचात, सोडतात. (आमच्या धंद्यात 'रिॲक्टर' म्हणजे काचेचं अस्तर लावलेलं, ढवळणी फिरणारं रसायनाचं भांडं. या लेखात तो शब्द मी त्याच अर्थानं वापरते आणि अणूच्या जागेला भट्टी म्हणते, नाहीतर मामांची आणि माझी त्या दिवशी झाली तशी वाचकाचीही गफलत होईल.)

मामांचं बरोबर होतं. कंडेन्सरमधून समुद्राला जाणारी उष्णता कारखान्याच्या कामाची नाही. वाफ टर्बाइनच्या वाटेवरूनच काढावी लागते, आणि काढली की तेवढी वीज कमी बनते. ते नुकसान किती, हे मी कागदावर मांडलं होतं. ताशी शंभर टन वाफ म्हणजे ६५ ते ७० मेगावॉट उष्णता. ती वाटेतून काढली तर ढोबळ मानानं १५ ते १७ मेगावॉट वीज हातची जाईल. तीच वाफ विजेच्या बॉयलरवर बनवायची तर जवळजवळ ७० मेगावॉट वीज लागेल. चौपट.

"आणि कोळशावर?"

"ताशी पंधरा-सोळा टन कोळसा. आणि तीसेक टन कार्बन डायऑक्साइड."

"म्हणजे तासाला एक ट्रक," मामा म्हणाले. त्यांनी ते ट्रक उतरवून घेतलेले आहेत, पावसात भिजलेला कोळसा चाळलेला आहे. त्यांना तो आकडा डोळ्यांपुढे दिसला. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कुठं झालंय का हे? का नुसतं कागदावर?"

माझ्या सगळ्या वाचनात मला सर्वांत जास्त धक्का याच प्रश्नाच्या उत्तरानं दिला. आपल्याच देशात झालंय. राजस्थानात रावतभाट्याला अणुवीज केंद्राशेजारी जड पाण्याचा कारखाना आहे, १९८५ पासूनचा. साध्या पाण्यात ड्यूटेरियमचा अंश अगदी नगण्य असतो. तो गोळा करायला पाणी आणि हायड्रोजन सल्फाइड वायू उंच मनोऱ्यांतून एकमेकांविरुद्ध फिरवतात, गार आणि गरम अशा दोन तापमानांत, पुन्हा पुन्हा. त्या प्रक्रियेची वाफेची भूक प्रचंड असते. ती वाफ शेजारच्या अणुकेंद्रातून आली. म्हणजे अणूच्या वाफेवर रसायनाचा कारखाना चालवायचं काम भारतीय इंजिनीअरांनी चाळीस वर्षांपूर्वी केलं, आणि तेही हायड्रोजन सल्फाइडसारखा जीवघेणा वायू हाताळत.

"आणि केंद्र बंद पडलं की?"

"त्यासाठी तेलावर चालणारा वाफेचा संच जोडून ठेवला."

"बघ," मामा म्हणाले. "म्हणजे बॉयलर राहिलाच. आणि बॉयलर राहिला की फायरमन राहिला, लायसन्स राहिलं, तपासणी राहिली."

मी पुढचं सांगितलं. स्वित्झर्लंडमध्ये ग्योस्गेनच्या अणुकेंद्रातून १९७९ पासून दोनेक किलोमीटरच्या पाइपातून पुठ्ठ्याच्या कारखान्याला वाफ गेली, म्हणून तिथलं जड तेल जाळणं थांबलं. जर्मनीत श्टाडं इथल्या केंद्रानं मीठ शुद्ध करणाऱ्या कारखान्याला वीसेक वर्षं वाफ दिली. नॉर्वेत हाल्डेनची संशोधन भट्टी कागदाच्या गिरणीला वाफ पुरवायची. आणि सगळ्यांत मोठं काम चीनचं, ताजं. जून २०२४ मध्ये तियानवान केंद्रातून लियानयुनगांगच्या पेट्रोकेमिकल वसाहतीला वाफ सुरू झाली. वर्षाला ४८ लाख टन. त्यामुळे चार लाख टन कोळसा वाचेल असं प्रकल्पाचं गणित आहे.

"पाइप किती लांब?"

"सुमारे तेवीस किलोमीटर."

यावर मामा उठून उभे राहिले. वाफेच्या माणसाला हा आकडा सहज पचत नाही. आमच्या वसाहतीत दोनशे मीटरच्या लाइनीतही शेवटच्या रिॲक्टरला ओली वाफ मिळते. लॅगिंग फाटलेलं, पत्रा कुणीतरी पळवलेला, ट्रॅप (वाफेचं झालेलं पाणी, म्हणजे कंडेन्सेट, बाहेर सोडणारे व्हॉल्व) अडकलेले. ते मला हाताला धरून पाइपरॅकखाली घेऊन गेले. बॉयलर बंद होता, पण शेजारच्या कारखान्याची लाइन भिंतीपलीकडून दिसत होती, आणि तिच्या एका ट्रॅपमधून पांढरी शेपटी सतत बाहेर पडत होती.

"हा ट्रॅप मी गेल्या दिवाळीत पाहिला, तेव्हाही असाच वाहत होता. तू तेवीस किलोमीटरच्या गोष्टी करतेस. आधी हा बदला. वसाहतीतले सगळे ट्रॅप बदला, कंडेन्सेट गटारात सोडायचं बंद करा, ते परत फीड टाकीत आणा. निम्मी नाही, पण पाचवा हिस्सा वाफ तरी तिथं वाचेल. त्याला कुठली अणुभट्टी लागत नाही."

हे मी मानते आणि इथं स्वच्छ लिहिते: गळती न थांबवता नवी वाफ आणणं म्हणजे फुटक्या हंड्यात नळ सोडणं. पण वाचवून उरलेली चार पंचमांश वाफ कुठून आणायची, हा प्रश्न तसाच राहतो, आणि त्याचं उत्तर ट्रॅपपाशी नाही. पाइपाचं म्हणाल, तर लांब पाइपातून मीटरनं वाफ विकणं गुजरातेत सचिन आणि अंकलेश्वरच्या वसाहतींत चालू आहे. एक मोठा बॉयलर, पन्नास गिऱ्हाइकं. तिथं आग कोळशाची आहे एवढंच. गिऱ्हाइकाला पाइपाच्या त्या टोकाला काय आहे याचं देणंघेणं नसतं. त्याला दाब स्थिर हवा असतो.

"दाब स्थिर हवा असतो," मामांनी माझेच शब्द उचलले. "आता ऐक. पंचाण्णव-शहाण्णवची गोष्ट असेल. रात्री अडीचला धूर ओढणाऱ्या आयडी फॅनचा बेल्ट तुटला. दाब साडेदहावरून चारवर, मग दोनवर. वर प्लांटमध्ये एका रिॲक्टरात माल वितळलेल्या अवस्थेत होता. गार झाला की दगड होणारा. बेल्ट चढवेपर्यंत पाऊण तास गेला. ढवळणी अडकली, शाफ्ट वाकला. पुढचे नऊ दिवस पोरं आत उतरून छिन्नीनं माल फोडत होती. एकाला आत चक्कर आली. तेव्हापासून मला झोपेतही गेज दिसतो. तुझी भट्टी कुठंतरी समुद्रकाठी ट्रिप झाली, तर बेल्ट चढवायला मी कुठं जाऊ?"

ते दिवस मला आठवतात. मी शाळेत होते, आणि मामा आठवडाभर घरी जेवायला आले नव्हते.

उत्तर म्हणून मी कैगा सांगितलं. कारवारजवळचं कैगा, पहिला संच: मे २०१६ मध्ये सुरू झाला तो ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत ९६२ दिवस एकदाही न थांबता चालला. आपल्या जड पाण्याच्या भट्ट्यांत इंधन चालू अवस्थेतच बदलता येतं, त्यासाठी बंद ठेवावं लागत नाही. मामांच्या बॉयलरचा सलग चालण्याचा विक्रम मी विचारला नाही. तो पलीकडे गार होऊन उघडा पडला होता.

"एका संचाचं सांगतेस," ते म्हणाले. "मी सगळ्यांचं विचारतोय."

बरोबर आहे. म्हणून कारखान्याला एकाच भट्टीवर बांधता कामा नये, किमान दोन हव्यात, आणि शिवाय राखीव बॉयलर. तियानवानला वाफ दोन संचांतून घेतात. अमेरिकेत आता जे ठरतंय तिथं तर चार छोट्या भट्ट्या आहेत. पण अमेरिकेची गोष्ट सुरुवातीपासून सांगितली पाहिजे, कारण तीत मामांची बाजू माझ्यापेक्षा भक्कम आहे.

मिशिगन राज्यात मिडलंड नावाचं गाव, डाऊ केमिकलचं माहेर. साठच्या दशकाच्या शेवटी तिथल्या वीज कंपनीनं ठरवलं की गावालगत दोन अणुभट्ट्या बांधायच्या. वीज राज्याला, वाफ नदीपलीकडे डाऊच्या कारखान्याला. डाऊचे जुने बॉयलर निघणार होते. कल्पना सुंदर होती. मग वर्षं सरकत गेली. नियम बदलले, आराखडे बदलले, खर्च फुगला. भरावाची माती नीट दाबली नव्हती म्हणून डिझेल जनित्रांची इमारतच खचू लागली. डाऊ वाट पाहत होती, जुने बॉयलर ठिगळं लावून चालवत होती. १९८३ मध्ये डाऊनं हात काढून घेतला आणि १९८४ मध्ये प्रकल्प सोडून दिला गेला. पंचाऐंशी टक्के बांधकाम झालं होतं आणि चार अब्ज डॉलरांवर पैसा जिरला होता. पुढे त्याच जागी नैसर्गिक वायूवर चालणारं केंद्र झालं, आणि त्यानं डाऊला वाफ पुरवली.

"हेच," मामा म्हणाले. "वाफ अशी उधारीवर ठेवता येत नाही. आज बॅच आहे तर आज वाफ पाहिजे. भट्टी दहा वर्षं उशिरा आली तर तोवर कारखान्यानं काय करायचं?"

आणि तरीही तीच डाऊ पुन्हा आली आहे. २०२३ मध्ये तिनं टेक्सासच्या किनाऱ्यावरचा सीड्रिफ्टचा कारखाना निवडला. प्लास्टिक आणि इतर रसायनं बनतात तिथं. एक्स-एनर्जी या कंपनीच्या चार भट्ट्या, प्रत्येकी ८० मेगावॉट विजेच्या, हेलियम वायूनं गार होणाऱ्या. इंधन टेनिसच्या चेंडूएवढ्या गोळ्यांत, वाफ ५६५ अंशांची. मार्च २०२५ मध्ये बांधकाम परवानगीचा अर्ज दाखल झाला. ज्या कंपनीचे हात एकदा एवढे पोळले ती चाळीस वर्षांनी पुन्हा त्याच दाराशी येते, यात मला एका अडचणीची खोली दिसते: रसायन उद्योगाला धुराशिवाय स्थिर, रात्रंदिवस उष्णता देणारं दुसरं फारसं काही सापडलेलं नाही.

"सूर्य," मामा म्हणाले.

आमचा खरा वाद इथं सुरू झाला. मामा जुने असले तरी जुन्या विचाराचे नाहीत. त्यांनी स्वतःच्या घरावर पॅनल बसवलेत आणि गरम विटांचा संचही त्यांनी कुठंतरी पाहिला आहे: दिवसा स्वस्त विजेनं विटा हजार अंशांपर्यंत तापवायच्या, रात्री त्यांवरून हवा फिरवून वाफ बनवायची. फिरणारे भाग कमी, परवान्याला पंधरा वर्षं नकोत, बिघडलं तर गावातला वेल्डर दुरुस्त करतो.

मी म्हणाले, ताशी शंभर टन वाफ चोवीस तास, तर दिवसाला सोळाशे मेगावॉट-तास उष्णता. एक मेगावॉटचं पॅनल आपल्याकडे दिवसाला सरासरी चार मेगावॉट-तास देतं. म्हणजे चारशे मेगावॉटची पॅनलं, सोळाशे एकर. बोईसरात एवढी जमीन कुठं आहे?

"बोईसरात कशाला? धुळ्याला साक्रीत लाव, जतला लाव. तार आणता येते. तुझी वाफ आणता येत नाही, तिला भट्टीजवळच राहावं लागतं. हा फरक तू सोडून देतेस."

मी सोडून देत होते, हे खरं. विजेचं हे मोठं बळ आहे. ती जागेला बांधलेली नसते. दीडशे अंशांच्या आतल्या कामासाठी उष्णता-पंपही आता मिळतात आणि सुकवणी, धुलाई, पाणी तापवणं या कामांत ते अणूच्या वाफेला मागे टाकतील, असं मला वाटतं. पण मामा, जून ते सप्टेंबर? पालघर जिल्ह्यात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, राज्यभर ढग असतात, आणि वीट एका रात्रीची उष्णता धरते, पावसाळ्याची नाही. त्या महिन्यांत वीज कुठून येईल? बव्हंशी कोळशाच्या केंद्रांतून. धूर बोईसरहून चंद्रपूरला गेला एवढंच होईल.

मामा यावर गप्प राहिले नाहीत, पण पहिल्यांदाच त्यांनी विषय बदलला. "बरं, तुझी ती वाफ. किती अंशांची?"

या प्रश्नात अर्धा विषय आहे. पाण्यानं गार होणाऱ्या भट्ट्या, म्हणजे जगात आज चालणाऱ्या जवळपास सगळ्या, अडीचशे-पावणेतीनशे अंशांची वाफ देतात. आमच्या रंग-रसायनांना, औषधांना, कागदाला, कापडाला ती भरपूर झाली. तेलशुद्धीकरणाला नाही. कच्चं तेल उभ्या मनोऱ्यात सोडण्याआधी साडेतीनशे अंशांच्या वर तापवावं लागतं. पुढच्या प्रक्रिया पाचशेच्या. नाफ्था तोडून एथिलीन काढायचं, नाहीतर नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढायचा, तर आठशे-साडेआठशे. रिफायनरी आपल्याच तेलाचा आणि वायूचा काही हिस्सा जाळून ही उष्णता मिळवते. तिची धुरांडी त्यासाठी पेटलेली असतात. तिथवर पोचायला हेलियमच्या भट्ट्या लागतील. चीनमध्ये शिदाओवानची अशी भट्टी डिसेंबर २०२३ पासून व्यावसायिक चालू आहे, तिचा वायू ७५० अंशांचा. जपानच्या एका संशोधन भट्टीनं २००४ मध्ये ९५० अंश गाठले. आपल्या भाभा केंद्रातही हायड्रोजनसाठी एका छोट्या उच्च तापमानाच्या भट्टीवर काम चाललंय. हे सगळं आशेचं आहे, पण अजून कुठलीही रिफायनरी त्यावर चालत नाही.

मला तुर्भे, म्हणजेच ट्रॉम्बे, आठवतं. माहुलच्या दोन रिफायनऱ्या १९५४-५५ च्या, आणि पलीकडे ट्रॉम्बेला अप्सरा भट्टी ४ ऑगस्ट १९५६ ची. मध्ये खताचा कारखाना. सत्तर वर्षांचे शेजारी. नंतर तिथल्याच सायरस भट्टीच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर समुद्राचं पाणी गोडं करणारा एक लहान संच चालवला गेला. संशोधन भट्टीच्या उष्णतेत रिफायनरीला देण्यासारखं काही नव्हतं, हे कळतं. पण उष्णता बनवणारे आणि उष्णतेला भुकेले एकमेकांच्या कुंपणाला लागून असूनही त्यांचा आराखडा कधी एकत्र आखला गेला नाही, ही गोष्ट मला टोचते.

"आणि खताचं काय?" मामांनी विचारलं. त्यांचा एक भाचा थळच्या खत कारखान्यात आहे, माझा मावसभाऊ. त्यामुळे अमोनिया त्यांना घरचा. "थळला धूर काही फक्त बॉयलरचा नाही."

नाही. अमोनियात कार्बन इंधनातून येतो तसा कच्च्या मालातूनही येतो: हायड्रोजनच मुळी नैसर्गिक वायूतून काढलेला असतो. भट्टीची उष्णता तिथं अर्धंच काम करते. पूर्ण काम करायचं तर पाण्यातून हायड्रोजन काढावा लागेल. वाफेचं विद्युत अपघटन केलं तर किलोमागे लागणारी वीज पन्नास-पंचावन्न युनिटांवरून चाळीसच्या खाली येऊ शकते, कारण कामाचा काही भाग उष्णता उचलते. पण मग युरियाची अडचण. युरिया बनवायला कार्बन डायऑक्साइड लागतोच, आणि आज तो याच नैसर्गिक वायूतून मिळतो. म्हणून अणूची उष्णता सगळ्या रसायन उद्योगाचा कार्बन पुसेल असं कुणी सांगितलं तर मी त्यांच्या बाजूनं उभी राहणार नाही. माझं म्हणणं त्याहून लहान आहे. नऊशे अंशांच्या भट्टीची वाट बघत बसू नये. अडीचशे अंशांची वाफ हाताशी आहे, ती आजच्या भट्ट्यांतून निघते, आणि तिला गिऱ्हाईक आहे. ज्या नव्या २२० मेगावॉटच्या भट्ट्या कारखान्यांनी स्वतःसाठी घ्याव्यात म्हणून २०२४ च्या अखेरीस प्रस्ताव मागवले गेले, त्यांत चर्चा विजेची झाली. त्यांच्या आराखड्यात वाफेची फांदी पहिल्या दिवसापासून असावी. नंतर जोडायला गेलं तर ते कुणी करणार नाही.

तारापूरच्या चालू संचांना नळ जोडा असंही मी आता म्हणत नाही. वाद सुरू झाला तेव्हा म्हणत होते. मामांच्या पुढच्या प्रश्नानं ते मागे घेतलं.

"नळी फुटली तर?"

बॉयलरवाल्याचा पहिला प्रश्न हाच हवा. नळी फुटतेच. मी त्यांना सांगितलं की जड पाणी भट्टीत फिरतं ते एक वर्तुळ, त्यावर तापून टर्बाइनला वाफ देणारं साधं पाणी हे दुसरं, आणि गिऱ्हाइकाला द्यायची वाफ तिसऱ्या, वेगळ्या पाण्याची. मध्ये आणखी एक वर्तुळ घालून दाब असा राखता येतो की गळती झालीच तर ती आतल्या बाजूला होईल. शिवाय मोजणारी यंत्रं, आपोआप बंद होणारे व्हॉल्व. तारापूरचे १९६९ चे संच तर असे आहेत की भट्टीतली वाफच थेट टर्बाइनला जाते. तिथं हा विचारही नको.

मामांनी सगळं नीट ऐकलं. मग म्हणाले, "तुझी तीन वर्तुळं मला कळली. मला बॉयलर कळतो म्हणून कळली. रस्त्यावरच्या माणसाला कशी कळणार? त्याला काय माहीत आहे? तारापूरच्या तीन आणि चार नंबरच्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. त्यांच्या पुनर्वसनाचा वाद किती वर्षं कोर्टात चालला. हे माहीत आहे. या वसाहतीत स्फोट झाले की काचा कुठवर फुटतात, हे माहीत आहे. आता त्याला सांगशील, एका टोकाला भट्टी, दुसऱ्या टोकाला सॉल्व्हंटच्या टाक्या, मध्ये तुझ्या घरापुढून पाइप."

मी राजापूर तालुक्याचं नाव काढलं. जैतापूरचं अणुकेंद्र आणि नाणारची, मग बारसूची रिफायनरी, दोन्ही एकाच तालुक्यात आखली गेली, आणि एकीची उष्णता दुसरीला देता येईल का हा प्रश्न निदान माझ्या वाचनात कुणी विचारलेला आला नाही.

"लोक दोन्हीला नको म्हणत होते," मामा म्हणाले. "आणि तू त्यांना दोन्ही एकत्र देणार?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. सुरक्षेचं अंतर, सोळा किलोमीटरचं आणीबाणी नियोजन क्षेत्र, भट्टीजवळ लोकवस्ती वाढू न देण्याचे नियम, हे सगळं मला पाठ आहे; पण राजापूरच्या माणसाचा प्रश्न अंतराचा नाही. जमीन घेताना, भरपाई ठरवताना, मासेमारीचं बोलताना त्याच्याशी खरं बोललं जातं का, हा आहे. कोळशाच्या धुरानं कुणाचा दमा वाढतो, हेही त्याच माणसाला माहीत असतं, आणि तो धूर त्याला विचारून सोडलेला नसतो. हे मी मामांना म्हणाले. त्यांनी मान हलवली. त्यांचा स्वतःचा खोकला बॉयलर हाउसचा आहे.

ऊन उतरलं होतं. मामांनी खिशातून तपासणीची यादी काढली, पाठकोरी. तिच्यावर पेन्सिलनं एक चौकोन काढला, दुसऱ्या टोकाला बरेच बारके चौकोन, आणि मध्ये रेघ. रेघेला ठरावीक अंतरावर इंग्रजी यू अक्षरासारखी वळणं दिली. गरम पाइप लांबतो, त्याला जागा द्यावी लागते. मग रेघेखाली दुसरी रेघ ओढली.

"ही कशाला?"

"कंडेन्सेट. वाफ दिलीस, पाणी परत नको का? एवढं शुद्ध केलेलं पाणी गटारात सोडणार?"

मी ती रेघ विसरले होते. तेवीस किलोमीटरचं सगळं गणित मांडलं आणि परतीचा पाइप धरलाच नव्हता. मामांनी बारक्या चौकोनांच्या शेजारी आणखी एक चौकोन काढला, आत 'स्टँडबाय' लिहिलं आणि त्याला दोनदा गिरवलं. मग कागद माझ्याकडे देऊन ते उठले, आत गेले, आणि फायरमनला मॅनहोलचा गॅस्केट नवा टाकायला सांगू लागले. जुना पुन्हा चालणार नाही, उद्या इन्स्पेक्टर अकराला येतोय, आणि परवा पहाटे चारला बॉयलर पेटवायचा आहे.